सायकलीचं साल

फ्रेमवर ठोकलेला नंबर पाहून जुन्या सायकलीचं साल सांगावं ते सायकल दुरुस्तीवाल्या बाबारावांनीच, असं इतवारीतला अख्खा बाजार म्हणायचा. आज खापरखेड्याकडच्या जितेंद्रनं आणलेली सायकल गंजानं पार खाल्लेली होती.

“वावरातल्या विहिरीचा गाळ काढून राहिलो होतो काका, तं तळाले भेटली. कोणत्या सालची असन?”

बाबारावांनी सीटखालचा गंज खरवडला. उघडा पडलेला नंबर त्यांना पाठ होता. घरची सायकल चोरीला गेलीच तर ओळखता यावी, म्हणून लहानपणी वडिलांनी तो त्यांच्याकडून घोकून घेतला होता. कसंबसं साल सांगून त्यांनी दुकान बंद केलं.

&nbsp;

घरी म्हातारी आई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, सायकलीवरून दुसऱ्या बाईकडे पळून गेलेल्या नवऱ्याला रोजच्यासारख्या शिव्या घालत बसली होती.