उजवं पुढचं चाक

"चाक हलतंय," नुहाद गाडीतून उतरत म्हणाली. "उजवं, पुढचं."

"चाक कसलं हलतंय, मादाम? आमचा रस्ताच तसा आहे," अबू वजीह हसला. "या रस्त्यावर माणसाचे दातसुद्धा हलतात."

द्राक्षमळ्यापर्यंत एक चक्कर मारून दोघं नुकतीच परतली होती. गाडी अबू वजीहनेच चालवली होती. छोटी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. वयाने जवळजवळ नुहादच्याच बरोबरीची. गाडी डावीकडे वळली की उजव्या चाकातून घूं घूं आवाज यायचा आणि सरळ झाली की थांबायचा. नुहादने तो प्रत्येक वळणावर कान देऊन ऐकला होता.

अबू वजीह बेकाच्या खोऱ्यातल्या या अंगणात जुन्या गाड्या विकायचा. नुहाद सकाळीच बैरूतहून डोंगर ओलांडून आली होती. दुपारी आखाती देशातलं एक गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाणार, असं त्याने फोनवरच बजावलं होतं. काय करायचं ते आत्ताच करायला हवं होतं. आणि गाडी घेतल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, हे तर तिने घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

सोबत तिचा धाकटा दीर गसान होता. त्याला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो फाटकापाशी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"कॉफी निवतेय, मादाम."

"निवू दे. गाडीचं ठरलं की पिईन."

अबू वजीह मनातल्या मनात सावध झाला. पाहुण्याने कप तसाच समोर ठेवला, म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय, आणि ते मिळेपर्यंत तो कपाला तोंड लावणार नाही. ही बया भाव पाडायला बसली आहे, हे त्याने ताडलं.

"हिरवा रंग नवा दिसतोय," नुहाद बॉनेटच्या आत वाकून म्हणाली. "इथे आतसुद्धा. गाद्याही नव्याच."

"लग्नाची मुलगी सजवूनच दाखवतात ना!"

"दाखवा की. मला तिची हाडं बघायची आहेत. जॅक आणा."

त्याने कुरकुरत जॅक आणला. गाडीची पुढची उजवी बाजू उचलली गेली. नुहाद गुडघ्यांवर बसली. एक हात चाकाच्या वर, एक खाली धरून तिने चाक आतबाहेर ढकललं.

टक.

"ऐकलंत?"

"जुनी गाडी आहे, मादाम. माझीसुद्धा हाडं वाजतात."

"तुम्हाला विकत घेत नाहीये मी."

फाटकापाशी गसान फिस्सकन हसला. अबू वजीहने त्याच्याकडे रागाने बघितलं.

नुहादने मग चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. आवाज नाही. म्हणजे स्टिअरिंग ठीक होतं. पुन्हा वर-खाली धरलं. टक.

"आत बसा आणि ब्रेक घट्ट दाबून धरा."

तो बसला. तिने चाक ढकललं. आता चाक जागचं हललं नाही.

"सोडा."

टक.

"बेअरिंगच ढिलं आहे," ती म्हणाली. "ब्रेकने चाक आवळलं की ढिलाई झाकली जाते. खालचा सांधा गेला असता, तर ब्रेक दाबूनही वाजला असता."

"कुठे शिकलात हे सगळं?"

"वडिलांच्या गॅरेजात. हे चाक याआधी कोणी उघडलं होतं?"

"कोणी म्हणजे कोणी नाही!" अबू वजीहने मिशीवर हात ठेवला. "माझ्या सख्ख्या मामाची गाडी आहे ही. नवी घेतली तेव्हापासून आमच्याच घरात. परक्याचा हात लागला असेल, तर ही मिशी उतरवीन. मामा गेल्यापासून तर पडूनच होती. इथेसुद्धा ट्रकवर घालून आणली."

"मग उघडून बघते."

"अहो, कपडे खराब होतील! बेअरिंगचं काय ते भावातून वजा करतो. झालं?"

"भावाचं मागाहून. आधी बघू द्या."

हट्टीच आहे बाई, तो पुटपुटला. पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्याने पान्यांची पेटी पुढे सरकवली.

नुहादने पेटी जवळ ओढली. इतक्या लांब येऊन आपण चुकलो असलो तर? तिने चाकाच्या मध्यावरची पत्र्याची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. आत काळपट ग्रीस होतं. तिने ते बोटाने पुसून काढलं. खालचा नट दिसला. चिमटीत धरताच तो फिरला. असा नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून टोकं वाकवतात. पिन नव्हती. भोक मोकळंच होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने कोपराने पुसलं.

"गसान, इकडे ये. पिन नाहीये."

गसान आला, वाकला, त्याने ते भोक नीट बघितलं आणि मान डोलावली. मग हातातल्या बिया खिशात टाकून तो परत गेला आणि त्याने फाटक आतून लावून घेतलं. येताना त्याने अबू वजीहपुढे हात पसरला.

"किल्ली."

"हा काय प्रकार आहे?" अबू वजीह एक पाऊल मागे सरला. "एवढ्याशा पिनेसाठी? मादाम, तुम्ही बोला ना, काय भाव हवाय?"

नुहादने पर्समधून घडी घातलेला रुमाल काढला. त्यात एक छोटी पिन होती. तिने भोक नीट समोर येईपर्यंत नट फिरवला, पिन आरपार घातली आणि पक्कडीने तिची टोकं वाकवली.

"त्या दिवशी नट हाताने बसवून झाला होता. धूळ जाऊ नये म्हणून टोपीही लावून ठेवली," ती म्हणाली, "आणि ही पिन आणायला मी घरात गेले. बाहेर आले, तर दारात माझी गाडी नव्हती."