आशीर्वादाआधी

आईच्या स्मरणाच्या उपासनेला कल्याणचं चर्च भरलं होतं. "सगुणाबाईंनी चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही," पाळक म्हणाले.

एस्तेरला मात्र आईचा दाराजवळचा बाक आठवत होता. पप्पांना बाराच्या ठोक्याला गरम जेवण लागायचं, म्हणून शेवटच्या आशीर्वादाआधीच आई तिथून हळूच निघायची. चाळीस वर्षांत तो आशीर्वाद तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. आज निदान तिचा फोटो तरी वेदीसमोर होता.

पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केले. तेवढ्यात पप्पा एस्तेरच्या कानाशी वाकले.

"अगं, माणसं आता घरी येतील. तू हो पुढे, भाताचं बघ."

दारातून एस्तेरने वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. फोटोतली आई तेवढी तिच्याकडे बघत होती.