हजेरी

"तुजा बाप साप चावून मेला," असं आई नवसी चिंधूला लहानपणापासून सांगत आली होती. १९६४ साली चिंधू सातवी पास झाला, तेव्हा मामाने खरं सांगून टाकलं.

"मेला नाय तो. आपल्या पाड्यावर मास्तर व्हता. तू पोटात असताना बदली घेऊन पळाला. आता पालघरच्या मोठ्या शाळेत शिकवतो. चल, कोयता घे."

"कोयता नको, मामा. त्याचं पुरं नाव सांग."

जूनमध्ये चिंधू त्याच शाळेत गेला. त्याच्या दाखल्यात बापाच्या नावाची जागा कोरी होती. कारकुनाने विचारलं, चिंधूने सांगितलं. कारकुनाने दचकून वर पाहिलं, पण लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी आठवीचे वर्गशिक्षक दामोदर राऊत हजेरी घेऊ लागले. वाचता वाचता ते मध्येच थांबले. घसा खाकरला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात नाव घेतलं, "चिंधू दामोदर राऊत."

"हजर!" चिंधू उभा राहून ओरडला.

त्या वर्षी त्याने एकही दिवस शाळा बुडवली नाही.