तिवरांवर ड्रोन

विनीतने पहिल्यांदा स्टिक वर ढकलली तेव्हा ड्रोन उडालाच नाही. जागेवर कोलांटी खाऊन जेटीवर उताणा पडला, आणि एक पंखा तुटून गोदामावशीच्या पायाशी आला. चारपैकी दोन पंखे एका दिशेने फिरणारे, दोन उलट. झोपेतही बरोबर बसवणाऱ्या माणसाने आज नेमकी अदलाबदल केली होती. पाठीशी अख्खं गाव श्वास रोखून उभं असलं की भल्याभल्यांचे हात चुकतात.

"उरनार ना रं?" गोदामावशीने विचारलं.

"उडणार, मावशी. पंखे बदलतो."

तिचा दिपेश काल संध्याकाळी चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरला होता, तो परत आलाच नाही. सकाळपासून होड्या फिरत होत्या, पण तिवरांची झाडं इतकी दाट की हाताभरावरचा माणूस दिसू नये. दुपारी भरती लागणार होती. भरती चढली की जे काही असेल ते कुठच्या कुठे जाईल, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

ड्रोनचं गावाला काही कौतुक नाही. इथल्या लग्नातली हळद ड्रोनशिवाय लागत नाही. पण हळदीचं शूटिंग करणारा नेमका मुरबाडला गेलेला, फोन उचलेना. तेव्हा दिपेशच्या काकाला, काळुरामला, घोडबंदर रोडच्या टॉवरमधला विनीत आठवला. गेल्याच महिन्यात याच काळुरामने त्याला गावच्या मैदानातून हाकललं होतं, आमच्या बायामाणसांवर कॅमेरा फिरवतो काय म्हणून. महिनोन्‌महिने खपून, एकेक वायर स्वतः सोल्डर करून जोडलेला तो ड्रोन छातीशी धरून विनीत बिचारा मुकाट घरी गेला होता. आज काळुराम त्याच्या दारात हात जोडून उभा राहिला. विनीतने लॅपटॉपवर चाललेली ऑफिसची मीटिंग अर्ध्यावर सोडली आणि चपला घातल्या. मागचं काही काढलं नाही. माणूस चांगला, एवढंच म्हणायचं.

जेटीच्या लोखंडाने ड्रोनचं होकायंत्र वेड्यासारखं करत होतं, म्हणून नवे पंखे बसवून विनीत मातीच्या बांधावर सरकला. सॅटेलाइट सापडेपर्यंत थांबावं लागतं, तसा थांबला. मागून कुणीतरी "आता काय?" म्हटलं. या वेळी मात्र ड्रोन सरळ वर गेला.

रिमोटला लावलेल्या मोबाइलवर हिरवंगार पसरलं. मधे मधे चिखलाचे पट्टे, पाण्याच्या चिंचोळ्या वाटा. विनीत सावकाश पुढे जात होता. गोदामावशी त्याच्या खांद्याशी इतकी खेटून होती की तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. निळा शर्ट आधी तिलाच दिसला.

"त्यो बग. त्यो माज्या पोराचा."

विनीतने ड्रोन खाली घेतला, आणखी खाली, पार शेंड्यांच्या जवळ. दिपेश तिवरांच्या मुळांना अडकला होता, छातीपर्यंत पाण्यात, तोंड पानांआड. एक हात पाण्यावर होता. तो हात हालला. शर्ट फुगला, बसला, परत फुगला.

"हालला," मावशी म्हणाली. "हात हालला त्याचा. जित्ता हाय."

बांधावर एकच गलका झाला. कुणी अँब्युलन्सला फोन लावला, कुणी एकवीरेला हात जोडले, एक बाई रडता रडता हसायला लागली. विनीत मोबाइलवर बघत राहिला. हाताबरोबर पाणीही हालत होतं, पानंही हालत होती, ड्रोनच्या बरोब्बर खाली, गोल रिंगणात. घरी गच्चीत ड्रोन उतरवताना कुंडीतली तुळस अशीच झुलायची.

"मावशी, तो..." विनीत म्हणायला गेला. असलं सांगायला कुणाची जीभ उचलते?

तेवढ्यात होडीतून काळुरामचा फोन आला. कुणीतरी तो विनीतच्या कानाला लावला. "आमाला तुजा ड्रोन दिसत नाय रं. झारांच्या वर घे, म्हंजे त्याच्या रोखानं येतू."

वर घेणं भाग होतं. विनीतने स्टिक ढकलली. ड्रोन चढला तशी पानं शांत झाली. मग पाणी शांत झालं. शर्ट अंगाला चिकटून बसला आणि हात राहिला तिथेच राहिला. मावशी बघत होती.

"दिसला, दिसला," काळुराम फोनवर म्हणाला. "निगालो आमी."

रिमोट टूं टूं करायला लागला. बॅटरी उतरली होती. आत्ताच मागे फिरवला तर ड्रोन जेमतेम बांध गाठणार होता.

मागे गलका चालूच होता. गोदामावशी मात्र त्याला एकट्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली.

"खाली आन, बाला."

"मावशी, बॅटरी संपत आलीय. आणि तो हात... तो मघाशी जो हालत होता ना..."

"तुज्या पंख्याचा वारा. कललं मना." तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला, मग काढला. "तरी आन खाली."

विनीतने तिच्याकडे पाहिलं नाही. रिमोट ओरडत राहिला आणि त्याने स्टिक हळूहळू खाली ओढली.

"होडी पोचंपरत," ती म्हणाली, "हालूं दे त्याला."