पाठवणाऱ्याचा पत्ता

मृतांना थंडीचे कागदी कपडे जाळून पाठवण्याचा दिवस होता. नगरकचेरीतला कारकून च्यू वनहाई याने आईच्या पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला : पिंगआन.

"पिंगआन?" वडील कडाडले. "अहो साहेब, ती गेली तेव्हा आपण शीजिंगचे होतो! परक्याची सुईसुद्धा घ्यायची नाही ती. पुडकं दारातूनच परत पाठवील आणि कुडकुडत बसेल."

"बाबा, शीजिंग पिंगआनमध्ये विलीन झालं. आता ते नकाशावरसुद्धा नाही."

"हे तिला कोण सांगायला गेलंय?"

सहा वर्षे लोकांच्या अर्जांवरून जे नाव वनहाई खोडत आला होता, ते त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले. आणि विलीनीकरणाच्या दिवशी कचेरीत जमा न केलेला शीजिंगचा शिक्का पेटीच्या तळातून काढून त्याखाली उमटवला.