विटाळाची सुट्टी

उस्मानपुऱ्यातल्या त्या खोलीतली शांतता प्रेरणाच्या पोटावरच्या टाक्यांसारखीच ताणलेली होती. गर्भपिशवी काढून अठरा दिवस झाले होते, आणि डॉक्टरांनी दीड महिना ओझे उचलायला मनाई केली होती. उशाशी येऊन बसलेल्या सासूबाई, चतुराबाई, मात्र प्रसन्न होत्या.

“खरंच सांगते, लई बरं झालं,” त्या पुन्हा म्हणाल्या. “सहा वर्षं ऐन महालक्ष्म्यांत तुझी पाळी यायची, अन् सोळा भाज्या, पुरण, समदं माझ्या गळ्यात पडायचं. आता विटाळ नाय. मंगळवारी तूच कर.”

टाक्यांवर उशी दाबून धरत प्रेरणा कशीबशी उठून बसली.

“आत्याबाई, सहा वर्षं नेमकी त्याच तीन दिवसांत? बाईचं अंग काय पंचांग बघून चालतं व्हय? खोटं सांगत होते मी. कंबर धरायची, उभं राहवत नव्हतं. पण विटाळ सोडून दुसऱ्या कुठल्या दुखण्याला ह्या घरात सुट्टीच नव्हती. आता तुम्हीच सांगा, मंगळवारी काय कारण सांगून पडून राहू?”

चतुराबाई उठल्या आणि तिच्याकडे न पाहता स्वयंपाकघरात निघून गेल्या.