पगारदार जामीन

"पगारदार जामीन आणा, लगेच कर्ज घ्या. नाहीतर माझा नाइलाज आहे," म्हणत बँकेच्या सेमेसाने कागद बॅगेत कोंबले.

सभाघरात चटयांवर बसलेल्या बायकांची तोंडं उतरली. या बेटावर पगारदार माणूस आणायचा कुठून? जमीन सगळ्या कुळाची, घर नवऱ्याचं; बाईच्या मालकीचं काय, तर जाळं आणि सुरी. आणि मागत तरी काय होत्या? उन्हावर चालणारं बर्फाचं यंत्र! बर्फ नाही म्हणून मासळी दुपारीच वास मारायची. निम्मी फेकावी लागे, म्हणून दुप्पट धरावी लागे. प्रवाळाच्या खडकांत आता बोटभर पिल्लंच उरली होती. तीही संपली की बायकांचा धंदा बसलाच म्हणायचा.

"साहेब, यंगोना तरी पिऊन जा," बायकांच्या मंडळाची प्रमुख वासिती आजी म्हणाली. राग आला होता तिला, पण पाहुण्याला कोरड्या तोंडाने कोण पाठवतं? तिने त्या मुळीच्या पेयाने करवंटी भरून पुढे केली. "गाव कुठलं म्हणालात?"

"सुवा."

"सुवा शहरात राहता हो. हल्ली सगळेच राहतात. मूळ गाव?"

सेमेसाने करवंटी तोंडाला लावली. जरा जास्तच वेळ लावली. मग हळूच म्हणाला, "वायतोमो."

आणि मग जी काय आरोळी उठली! वायतोमो आणि हे गाव एकमेकांचे तौवू. दोघांचा मूळ देव एकच. तौवूने तौवूची वाट्टेल ती थट्टा करावी, हवं ते हक्काने मागून घ्यावं. समोरच्याने नाही म्हणायचं नाही, आणि रागवायचं तर मुळीच नाही.

"अरे लबाडा! म्हणून सकाळपासून गाव लपवत होतास होय?" उनाइसीने त्याचे बूट ओढून काढले. दुसरीने छत्री पळवली. तिसरीने त्याचा काळा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला. "वायतोमोची माणसं आधीच कुरूप, त्यात हा चष्मा!" हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सेमेसाही हसत होता. करतो काय बिचारा!

"थांबा गं, मी अजून काही घेतलेलं नाही," वासिती आजी म्हणाली आणि त्याच्या अगदी समोर येऊन बसली. "तुला पगार आहे ना रे? मग मला तुझी सही दे. जामीन म्हणून."

सेमेसा पेचात पडला. नाही म्हणावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. हो म्हणावं तर नोकरी जाते.

"हप्ता चुकला तर, आजी?"

"तर माझ्या घरातलं हवं ते उचल. तुलाही हक्क आहेच की! मी हूं की चूं करणार नाही."

एवढी पक्की हमी सेमेसाला आजवर कुणी दिली नव्हती. तो अनवाणीच उठला.

"बँकेच्या माणसाची सही चालत नाही, आजी. पण पलीकडच्या बेटावर माझा थोरला भाऊ हेडमास्तर आहे. चांगला पगार घेतो आणि जन्मात कुणाला साधा नारळ दिलेला नाही." त्याने होडीवाल्याला हाक मारली. "चला, बसा सगळ्याजणी. तोही वायतोमोचाच आहे!"